तरुणांचं तिथे ऐकतं का कुणी?

प्रश्न : ताई, मी 19 वर्षांची आहे, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला तरुण प्रतिनिधी जातात ते नुसते फोटोपुरतेच का हो?

उत्तर : नाही गं. निर्णय सरकारंच घेतात हे खरं, पण 'यंगो' हा तरुणांचा अधिकृत गट आहे, त्यांना सभेत निवेदन करता येतं आणि परिषदेच्या आधी त्यांची स्वतःची परिषदही भरते. 2021 ला ग्लासगोच्या परिषदेत तमिळनाडूची शाळकरी मुलगी विनिशा उमाशंकर बोलली, घराजवळचा इस्त्रीवाला कोळसा जाळतो हे बघून तिने सोलरवरची इस्त्रीची गाडी बनवली, छपरावरच पॅनेल! मला तर हेच फार भावलं, आपल्या गल्लीतलाच प्रश्न घेऊन पोरगी तिथवर गेली. बॅज, म्हणजे आत जायचा पास, मात्र सरकारी शिष्टमंडळातून नाहीतर संयुक्त राष्ट्रांची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच मिळतो, म्हणून अशी संस्था आत्तापासूनच शोधायला लाग.