वाचकांचे प्रश्न : फॉस्फोफिलाइट दुर्मीळ का?

प्रश्न : दुर्मीळ रत्नांच्या एका यादीत फॉस्फोफिलाइट या निळसर हिरव्या खनिजाचे नाव वाचले. त्याच्या घटकांत जस्त, लोह, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि पाणी एवढेच दिसते व यांपैकी काहीच दुर्मीळ नाही. मग हे खनिज इतके विरळ का? त्याचे गुणधर्म, वर्गीकरण आणि आढळ यांविषयीही सांगावे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. घटक साधेच आहेत; विरळा आहे तो त्यांचा योग. निसर्गात जस्ताची ओढ गंधकाकडे असते, त्यामुळे ते बहुतांशी स्फॅलेराइट या सल्फाइड खनिजात अडकलेले असते. फॉस्फरस कॅल्शियमशी जोडला जाऊन ॲपेटाइट या खनिजात बंदिस्त होतो. फॉस्फोफिलाइट तयार व्हायचे तर दोघांचीही सुटका एकाच ठिकाणी आणि एकाच काळात व्हावी लागते. एवढ्यावरही भागत नाही. या खनिजातील लोह द्विसंयुजी, म्हणजे कमी ऑक्सिडीभवन झालेल्या अवस्थेत असते. सल्फाइड विघटित होऊन जस्त मोकळे व्हावे, पण लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन ते त्रिसंयुजी होऊ नये, अशा दोन जवळजवळ परस्परविरोधी अटी एकाच विद्रावाने पाळायच्या असतात. माझ्या मते या खनिजाच्या दुर्मीळतेचे खरे मर्म येथे आहे.

त्याचे रासायनिक संघटन असे मांडता येईल : जस्ताचे दोन अणू, लोहाचा एक, फॉस्फेटाचे दोन गट आणि पाण्याचे चार रेणू. लोहाची थोडी जागा मँगॅनीज घेऊ शकते. वजनाच्या हिशेबाने यात पाणीच सुमारे 16 टक्के भरते. खनिजांच्या श्ट्रुन्त्स वर्गीकरणात फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा मिळून आठवा वर्ग आहे. त्यात ज्या खनिजांत पाणी आहे पण हायड्रॉक्सिलासारखे जादा ऋण आयन नाहीत, अशा सजल फॉस्फेटांत याची गणना होते. त्याचा जवळचा नातलग होपाइट. होपाइटात जस्ताचे तीन अणू असतात. त्यांपैकी ज्या एका अणूभोवती पाण्याचे चार रेणू असतात, त्याच्या जागी लोह आले की फॉस्फोफिलाइटाचे सूत्र मिळते. मात्र स्फटिकांची ठेवण बदलते : होपाइट समचतुर्भुजी (तिन्ही अक्ष परस्परांशी काटकोनात), तर फॉस्फोफिलाइट एकनताक्ष (एक अक्ष कललेला) प्रणालीचे आहे.

जस्त आणि फॉस्फरस यांचे चतुष्फलक (अणूभोवती ऑक्सिजनांनी साधलेला चार पृष्ठांचा आकार) एकमेकांना जोडून या खनिजात पापुद्र्यांसारखे थर बनतात, आणि ते थर लोहाच्या अष्टफलकांनी (आठ पृष्ठांच्या आकारांनी) एकमेकांशी बांधलेले असतात. म्हणूनच थरांना समांतर असे त्याचे पाटन (ठराविक सपाट पातळीवर दुभंगणे) अत्यंत स्वच्छ असते. याखेरीज आणखी दोन दिशांनाही ते दुभंगते. मोस मापश्रेणीवर कठिनता 3 ते 3.5, म्हणजे चाकूने सहज ओरखडा उठावा इतकीच. विशिष्ट गुरुत्व सुमारे 3.1, वक्रीभवनांक साधारण 1.60 ते 1.62, चमक काचेसारखी, कस (घासल्यावर उमटणाऱ्या चूर्णाचा रंग) पांढरा. रंगहीन नमुनेही मिळतात, परंतु ज्यासाठी संग्राहक जीव टाकतात तो फिका, पारदर्शक निळसर हिरवा रंग. अनेक स्फटिक जुळे असतात.

हे खनिज प्रथम जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील हागेनडॉर्फच्या पेग्मटाइट (मोठमोठ्या स्फटिकांच्या अग्निज) खडकांत ओळखले गेले आणि लाउबमान व श्टाइनमेट्स यांनी 1920 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे लोह-मँगॅनीज फॉस्फेटे आणि स्फॅलेराइट शेजारी शेजारी होती, आणि त्यांच्या बदलातून हे खनिज उपजले. वर सांगितलेल्या योगाचा हा जणू नमुनाच. परंतु सर्वांत मोठे व देखणे स्फटिक दिले ते बोलिव्हियातील पोतोसी येथील सेरो रीको या चांदीसाठी प्रसिद्ध असलेल्या डोंगराने, तेही मुख्यतः विसाव्या शतकाच्या मध्यास. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर, झांबियातील काब्वे आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील रीपहुक हिल येथेही ते सापडले आहे.

प्रश्न : फॉस्फोफिलाइट कृत्रिमरीत्या तयार करता येते का?

उत्तर : येते, आणि मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांत ते रोज तयार होते, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. पोलादी पत्र्याला रंग देण्यापूर्वी तो जस्त फॉस्फेटाच्या आम्ल विद्रावातून काढतात. आम्लामुळे पत्र्याच्या पृष्ठावरील थोडे लोह विरघळते, पृष्ठालगतच्या विद्रावाची आम्लता घटते आणि तेथेच जस्त फॉस्फेटाचे सूक्ष्म स्फटिक पत्र्याला चिकटून वाढू लागतात. विरघळलेले लोह हाताशी असेल तर त्यांतील काही फॉस्फोफिलाइटाचे होतात, नसेल तर होपाइटाचे. म्हणूनच जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रामुख्याने होपाइट मिळते, आणि विद्राव फवारण्यापेक्षा पत्रा त्यात बुडवला असता फॉस्फोफिलाइटाचे प्रमाण वाढते. या दोहोंचे प्रमाण क्ष-किरण विवर्तनाने मोजतात. अभियंत्यांना फॉस्फोफिलाइट अधिक हवे असते, कारण अल्क आणि उष्णता या दोन्हींपुढे ते होपाइटापेक्षा चांगले टिकते. रंगाच्या थराखाली गंज पसरू लागतो तेव्हा अल्कता निर्माण होते, हे लक्षात घेतले की ही पसंती का, ते कळते.

अर्थात हे स्फटिक डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कारखान्यात घडलेल्या पदार्थाला भूवैज्ञानिक खनिज म्हणतही नाहीत. पैलू पाडता येईल एवढा पारदर्शक स्फटिक अजूनही खाणीतूनच यावा लागतो.

प्रश्न : मग या रत्नाचे दागिने का दिसत नाहीत?

उत्तर : ठिसूळपणा आणि सहज होणारे पाटन यांमुळे पैलू पाडतानाच खडा फुटण्याचा धोका फार असतो. शिवाय चांगला अखंड स्फटिक संग्राहकांना कापलेल्या खड्याहून अधिक मोलाचा वाटतो. जे थोडे खडे पाडले जातात तेही पेटीतच राहतात. स्वनातीत (अल्ट्रासॉनिक) कंपनांच्या यंत्रात ते धुऊ नयेत आणि तापवू नयेत, कारण उष्णतेने त्यांतील पाणी निघून जाते व खडा कायमचा निकामी होतो.