किल्ली काढली तरी जुन्या डिझेल जीपचं इंजिन चालूच राहतं. डिझेल पंप खोलावाच लागेल का?

एवढ्यात नको. तुम्ही लिहिलंय की पंप रोटरी (एकाच गोल हेडमधून सगळ्या इंजेक्टरना डिझेल वाटणारा) आहे, किल्ली काढल्यावरही इंजिन आयडलवर तसंच चालतं, गिअर टाकून क्लच सोडला की मगच बंद पडतं, आणि इंदूरचा मेकॅनिक पंप उतरवायला सांगतोय. पंपाला पाना लावण्याआधी एक वायर काढून बघा. दोष वायरिंगचा की पंपाचा, ते तिथेच कळतं.

मात्र किल्ली काढल्यावर इंजिनचा वेग आपोआप चढत असेल, तर प्रकार वेगळा आणि धोक्याचा. तेव्हा इंजिन स्वतःचंच ऑइल पीत असतं : टर्बोचं सील गेलेलं, नाहीतर ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त. अशा वेळी टॉप गिअर, पूर्ण ब्रेक, आणि क्लच एकदम सोडायचा. ते जमलं नाही तर हवेचं तोंड जाड फळीने बंद करायचं, तळहाताने कधीच नाही. तुमचं इंजिन आयडलवरच राहतं म्हणजे त्याला डिझेलच मिळतंय.

डिझेल इंजिनला स्पार्क नसतो. त्यामुळे ते बंद करायचं म्हणजे डिझेल तोडायचं. रोटरी पंपावर, जिथून इंजेक्टरचे पाइप निघतात त्या हेडवर, एका वायरचा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारी झडप, असते. करंट आला की आतला प्लंजर (छोटा दट्ट्या) उचलला जातो आणि डिझेलची वाट उघडते. करंट गेला की स्प्रिंग त्याला खाली ढकलते आणि वाट बंद होते.

आता इंजिन आयडलवर ठेवा, किल्ली काढा आणि ही वायर उपसा. टोक बॉडीला लागू देऊ नका. इंजिन बंद पडलं तर पंप निर्दोष, करंट कुठून तरी येतोय. चालूच राहिलं तर प्लंजर वाट बंद करत नाही.

करंटचा शोध घेताना बहुतेक जण इथे चुकतात : गाडी उभी असताना टेस्ट लॅम्प लावतात, दिवा लागत नाही, आणि वायरिंग ठीक म्हणून मोकळे होतात. मोजणी दोनदा करायची. इंजिन बंद, किल्ली बंद असताना वायरवर व्होल्टेज असेल तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, नाहीतर टेप, फॉग लॅम्प, हॉर्न बसवताना कोणीतरी बॅटरीची थेट लाइन इग्निशनच्या लाइनला जोडलीय. उभ्या गाडीत शून्य, पण चालत्या इंजिनात किल्ली काढल्यावर व्होल्टेज दिसत असेल, तर ते ऑल्टरनेटरमधून, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरमधून, उलटं येतंय. ऑल्टरनेटर बदलताना चार्जिंगचा दिवा वगळून एक्साइटची (ऑल्टरनेटरला जागं करणारी) वायर थेट इग्निशनला जोडली की हे होतं. प्लंजर उचलायला जेवढा जोर लागतो त्याच्यापेक्षा धरून ठेवायला बराच कमी लागतो, म्हणून थोडं उलटं व्होल्टेजही पुरतं. दिव्याची जोडणी मूळ होती तशी करून घ्या, आणि त्या एक्साइटच्या वायरमध्ये ३ अँपिअरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), वन-एन-५४०८, पांढरा पट्टा ऑल्टरनेटरकडे करून घाला. पट्टा उलटा झाला तर चार्जिंगच सुरू होणार नाही.

वायर उपसूनही इंजिन चालत असेल तर सोलेनॉइड खोला. आधी आजूबाजूची जागा ब्रश आणि डिझेलने स्वच्छ करा, कारण एक कणही आत गेला तर नवीन दुखणं. बहुतेक पंपांना २४ चा पाना लागतो. प्लंजर आणि स्प्रिंग निसटून खाली पडतात, तेव्हा खाली फडकं धरा. आणि बघा की प्लंजर आत आहे का! सोलेनॉइड जळला की रस्त्यावरचे जुगाडू मेकॅनिक प्लंजर काढून टाकतात. गाडी सुरू होते, पण मग किल्लीने बंद होत नाही. जुनी गाडी घेतली असेल तर हा संशय पहिला.

प्लंजर असेल तर टोकाचं रबर फाटलंय का, फुगलंय का, आणि तो स्प्रिंगसकट सहज सरकतो का ते पाहा. किल्ली काढल्यावर चार-पाच सेकंद धडधडून बंद पडणाऱ्या गाडीत बहुधा हेच रबर झिजलेलं असतं. गंज किंवा काळी माती दिसली तर डिझेल फिल्टर बदला, टाकीतलं पाणी काढा. शेतावर पिंपात साठवलेलं डिझेल भरत असाल तर ते बंद करा. धातूची चमकी दिसली, तर मात्र मेकॅनिकचं बरोबर : पंप झिजतोय आणि तो कॅलिब्रेशनवाल्याकडे (डिझेल पंप तपासून जुळवणाऱ्याकडे) गेलाच पाहिजे.

नवीन सोलेनॉइड आपल्या पंपाच्या नंबरवरून, १२ व्होल्टचाच घ्या, ओ-रिंग नवी टाका, बेताने आवळा. मग प्राइमरने (डिझेल फिल्टरजवळच्या हातपंपाने) डिझेल लाइनमधली एअर काढा. सुरू झालं नाही तर इंजेक्टरकडचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा. चालत्या इंजिनात हे नट सैल करायचे नाहीत. त्या दाबाची धार कातडीच्या आत शिरते.

पंप इनलाइन (प्रत्येक सिलिंडरचा भाग एका ओळीत असलेला) निघाला तर वर सांगितलेली वायरची तपासणी विसरा. पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने शेवटपर्यंत ओढा. इंजिन बंद झालं तर केबल ताणलीय किंवा अडकतेय, तीच बदला. शेवटपर्यंत ओढूनही चालू राहिलं तर आतला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) जाम आहे, आणि ते घरी सोडवण्याचं काम नाही.