पाथवे घोकण्याआधी

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीला प्रवेश मिळाला म्हणतेस, छानच झालं! पण आता कमाटीबागेत बसून ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवण्याच्या पाथवेच्या, 10 पायऱ्या घोकू नकोस. आधी एवढंच बघ, पेशीत यातल्या कुठल्या पायऱ्या उलट फिरत नाहीत? तीनच. ज्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) त्या घडतात, त्यांची नावं हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आणि पायरुव्हेट कायनेज. लगाम तिथेच असतो. बाकीच्यांचं नंतर बघू.

फॉस्फोफ्रुक्टोकायनेजपाशी मात्र ठाण मांड. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, हा त्याचा कच्चा माल, आणि तोच जास्त झाला की तो या विकराला आवरतो. कारण विकरावर एटीपीसाठी दोन जागा आहेत, एक प्रत्यक्ष कामाची आणि दुसरी बाजूची. बाजूची जागा भरली की विकराचा आकार बदलतो आणि फ्रुक्टोज-6-फॉस्फेटवरची, म्हणजे ज्या साखरेवर ते काम करतं तिच्यावरची, पकड सैल होते. आता एटीपी थोडासा जरी घटला, तरी एएमपी (एटीपी खर्च झाल्यावर उरणारा रेणू) कितीतरी पटींनी वाढतो, एटीपीचा हा लगाम सैल करतो आणि विकर पुन्हा जोमानं चालू लागतं. मला हे आजही विलक्षण सुंदर वाटतं.

हेक्सोकायनेजचंच काम करणारं यकृतातलं ग्लुकोकायनेज वेगळं वागतं. या पायरीतून तयार होणारा ग्लुकोज-6-फॉस्फेट साचला म्हणून ते हेक्सोकायनेजसारखं थांबत नाही. का, ते यकृताचं काम डोळ्यांसमोर ठेवून स्वतःच शोध. आणि फ्रुक्टोज-6-फॉस्फेट वाढवत नेला की फॉस्फोफ्रुक्टोकायनेजचा वेग कसा बदलतो, त्याचे आलेख हातानं काढ. एटीपी वाढल्यावर रेषा उजवीकडे सरकताना दिसली पाहिजे.