कोड मी लिहिला, मग लायसन्स दुसऱ्याने का ठरवायचं?

प्रश्न : मी स्वतंत्रपणे काम करणारा डेव्हलपर आहे. एका कंपनीसाठी मी गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिलं. करारानुसार पूर्ण पैसे मिळाल्यावर कोडची सगळी मालकी कंपनीकडे गेली. बारकोड वाचण्यासाठी मी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड, जोडली होती, ती जीपीएल आवृत्ती ३ खाली आहे. या लायसन्सची अट अशी, की सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना त्याचा सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, मिळायची सोयही द्यायची. कंपनीने हे सॉफ्टवेअर पुढे आपल्या ग्राहकांना विकलं, पण सोर्स न देता नुसती चालणारी फाइल दिली. आता त्या लायब्ररीच्या लेखकाचा कंपनीला ईमेल आला आहे, की लायसन्सचा भंग झालाय, दुरुस्त करा. कंपनी म्हणते, ‘तुमचं तुम्ही निस्तरा.’ मित्र म्हणतो, आता सगळा कोड जगजाहीर करावा लागणार. मेहनत माझी, कोड माझा, मग त्याला कुठलं लायसन्स लागू होणार हे तिसराच माणूस का ठरवतो? डेव्हलपरला निवडीचं स्वातंत्र्य नाही का? शिवाय याच कामातून सुटी काढलेली एक छोटी लायब्ररी मला एमआयटी या फारशा अटी नसलेल्या लायसन्सखाली खुली करायची आहे. ती करता येईल ना?

उत्तर : तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे नंतर वळू. आधी तो ईमेल कंपनीच्या हाती कुठल्या तारखेला पडला ते बघा.

जीपीएल ३ च्या आठव्या कलमात एक सवलत आहे. त्या कॉपीराइटधारकाकडून भंगाची नोटीस पहिल्यांदाच आलेली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवस उलटायच्या आत भंग दुरुस्त केला, तर गेलेला परवाना कायमचा परत मिळतो. १९९१ च्या जीपीएल २ मध्ये ही सोय नाही. तिथे अटी मोडल्या की परवाना आपोआप संपतो. म्हणून लायब्ररी खरंच आवृत्ती ३ खाली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. प्रकल्पाच्या पानावर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. कोडसोबत आलेली लायसन्सची फाइल उघडा आणि प्रत्येक सोर्स फाइलच्या माथ्यावरचा मजकूर वाचा. ‘आवृत्ती २ किंवा त्यानंतरची कोणतीही’ असं असेल तर आवृत्ती ३ निवडायचा हक्क तुम्हा लोकांना आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासारखं (कर्नल) ‘फक्त आवृत्ती २’ असेल, तर ही सवलत धरून चालू नका आणि लेखकाशी जास्त नमतं घेऊन बोला.

दरम्यान कंपनीला लेखी कळवा, की वाद मिटेपर्यंत एकही नवीन प्रत ग्राहकाला देऊ नका. आणि कृपा करून रिपॉझिटरीला, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास जिथे ठेवलाय त्या जागेला, हात लावू नका. घाबरलेली माणसं या टप्प्यावर लायब्ररीच्या फाइलींचं नाव बदलतात, माथ्यावरची कॉपीराइटची ओळ पुसतात, जुने कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, गायब करतात. अनवधानाने झालेली चूक त्यामुळे जाणूनबुजून केलेली दिसायला लागते. तो इतिहास तसाच ठेवा, तुमच्या बचावालाही तोच लागणार आहे.

आता मित्राचं म्हणणं. जीपीएलचा कोड मिसळला की तुमचा कोड आपोआप खुला होतो, हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. परवान्याच्या अटी पाळल्या नाहीत तर तुमच्याकडे परवानाच उरत नाही. परवान्याशिवाय दुसऱ्याचा कोड वाटणं हा कॉपीराइटचा भंग. त्यावर कॉपीराइटधारक साधारणपणे दोन गोष्टी मागतो, वितरण थांबवा आणि भरपाई द्या. कोड खुला करणं हा त्यातून बाहेर पडायचा एक रस्ता आहे. तुम्ही तो स्वखुशीने निवडू शकता, तो आपोआप तुमच्यावर येऊन आदळत नाही. एक पुस्ती मात्र जोडतो. अमेरिकेत २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने व्हिझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीवर, लेखक म्हणून नव्हे तर ग्राहक म्हणून, कराराच्या आधारे सोर्स कोड मिळावा असा दावा लावला. म्हणजे ‘कोड द्या’ अशी मागणी कोर्टात कुणी करतच नाही, असंही समजू नका.

‘फुकट दिलेल्या कोडच्या अटी कोण मानतं’ असा सूर तुमच्या कंपनीत निघू शकतो. तेव्हा २००८ चा जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा अमेरिकेतला निकाल दाखवा. हौशी लोकांच्या मॉडेल रेल्वे चालवणारं सॉफ्टवेअर होतं, आर्टिस्टिक लायसन्सखाली फुकट दिलेलं. खालच्या कोर्टाने हे फार तर करारभंगाचं प्रकरण आहे असं म्हटलं. अपील कोर्टाने ते फिरवलं. खुल्या लायसन्समधल्या अटी मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचा हक्क पातळ होत नाही. जर्मनीत म्युनिकच्या कोर्टाने तर २००४ मध्येच जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या होत्या.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत.

पहिली, अटी पाळायच्या. कंपनी हे ऐकताच नाही म्हणेल, पण नक्की काय द्यावं लागतं ते तिला आधी समजू द्या. सोर्स जगाला वाटायचा नसतो. ज्या ग्राहकांना चालणारी फाइल दिली त्यांना सोर्स द्यायचा किंवा तो मिळवायची सोय करून द्यायची, आणि सोबत जीपीएलचे हक्क द्यायचे. ते ग्राहक पुढे तो वाटू शकतात, ही खरी अडचण. किंमत कितीही लावायला जीपीएलची हरकत नाही. मोजक्या ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या आणि सेवेवर पैसे मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे वाटतं तितकं जाचक नाही. गोदामाची नोंदवही ठेवणाऱ्या ग्राहकाला तुमचा कोड घेऊन दुकान थाटायची हौस क्वचितच असते.

दुसरी वाट, लेखकाकडून वेगळा व्यावसायिक परवाना विकत घ्यायचा. क्यूट ही लायब्ररी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या गोष्टी वर्षानुवर्षं अशा दुहेरी पद्धतीने दिल्या जातात. अटी पाळणाऱ्याला जीपीएल, न पाळायच्या असतील त्याला पैसे मोजून दुसरा परवाना. तुमच्या प्रकरणात मला ही वाट सगळ्यात सोयीची वाटते, कारण जुन्या विकलेल्या प्रतींचा हिशोबही त्याच समझोत्यात मिटवता येतो. पण पैसे देण्याआधी लायब्ररीच्या कमिटचा इतिहास चाळा. तिथे इतर लोकांनी पाठवलेला कोड असेल आणि त्यांनी आपले हक्क लेखकाला दिलेले नसतील, तर हा एकटा माणूस सगळ्यांच्या वतीने परवाना विकू शकत नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या गाभ्याचं लायसन्स २०११ च्या सुमारास जीपीएलवरून एलजीपीएल या थोड्या सैल लायसन्सवर नेताना त्या मंडळींना एकेका सहलेखकाला शोधून संमती घ्यावी लागली होती.

तिसरी, लायब्ररी काढून दुसरी बसवायची. इथे लोक फसतात. नवीन आवृत्तीतून लायब्ररी गेली म्हणून आधी विकलेल्या प्रतींचा प्रश्न सुटत नाही, त्याबद्दल लेखकाशी बोलावंच लागतं. पर्यायी कोड स्वतः लिहायचा ठरला तर तो तुम्ही लिहू नका, कारण मूळ कोड तुम्ही वाचलेला आहे. ज्याने तो पाहिला नाही अशा माणसाला द्या. लायब्ररी स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून बाजूला ठेवायची आणि कमांड लाइनवरून तिच्याशी बोलायचं, ही युक्तीही सुचवली जाते. दोन प्रोग्रॅम खरोखर वेगळे असतील तर ती सहसा चालते. तरी त्या सुट्या प्रोग्रॅमचा सोर्स द्यावा लागतोच, आणि दोघं एकमेकांत इतके गुंतलेले असतील की एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही, तर नुसती प्रोसेस वेगळी करून भागत नाही.

हे काम काढलंच आहे तर लॉक फाइलमधली, म्हणजे वापरलेल्या लायब्ऱ्यांची नोंद असते त्या फाइलमधली, सगळी यादी तपासून घ्या, लायब्ररीने ओढून आणलेल्या लायब्ऱ्यांसकट. आणि एमआयटी दिसलं की पुढे सरकू नका. एमआयटीचीही अट आहे, प्रत्येक प्रतीसोबत कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर द्यावा लागतो. अपाची २.० या लायसन्सखालच्या कोडसोबत नोटीस फाइल असेल तर तीही. नुसती चालणारी फाइल देणाऱ्या कंपनीने हे दिलं असेल, असं मला वाटत नाही.

आता तुमचं स्वातंत्र्य. ते तुम्हाला आहे, पूर्ण आहे, फक्त ते त्या लायब्ररीच्या लेखकालाही आहे. तोही डेव्हलपरच. त्याने कोड लिहिला आणि अट ठरवली. तुम्ही पैसे मागू शकला असता, त्याने पैशांऐवजी हे मागितलं. ती अट मान्य नसेल तर न घेण्याची मोकळीक होती. जीपीएल ३ चं नववं कलम तर स्पष्ट सांगतं, की नुसती प्रत घेण्यासाठी किंवा चालवण्यासाठी हे लायसन्स स्वीकारायची गरज नाही. घरात, ऑफिसात, हवं तितकं वापरा, बदला. बंधन येतं ते दुसऱ्याला देताना. जीपीएलला विषाणू म्हणायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. विषाणू न बोलावता येतो, ही लायब्ररी तुम्ही एका ओळीची कमांड देऊन स्वतः आणलीत.

आणि तुम्ही लिहिलेल्या कोडबद्दल जरा कटू बोलतो. ‘कोड माझा’ असं तुम्ही पत्रात म्हणता, पण तो तुमचा राहिलेला नाही. जीपीएलने तुमची मालकी घेतलेली नाही, आजही तुमच्या ओळींवरचा कॉपीराइट त्या लायब्ररीच्या लेखकाकडे गेलेला नाही. तो तुम्ही करारावर सही करून कंपनीला दिला. निवडीचं स्वातंत्र्य मालकाचं असतं, आणि मालक आता कंपनी आहे.

म्हणूनच ‘तुमचं तुम्ही निस्तरा’ हे कंपनीचं म्हणणं अर्धंच खरं. ग्राहकांना प्रती कंपनीने विकल्या, तेव्हा लेखकाचा मुख्य दावा तिच्यावर. पण करार काढून बघा, ‘या कामात तिसऱ्या कुणाचेही हक्क गुंतलेले नाहीत’ अशी हमी आणि त्याखाली नुकसान भरून देण्याचं कलम बहुधा सापडेल. तसं असेल तर कंपनी आपला खर्च तुमच्याकडून मागू शकते. त्या कलमाला रकमेची कमाल मर्यादा आहे का, आणि कुठल्या देशाचा कायदा लागू आहे, हेही पाहा. मग जुने ईमेल धुंडाळा. बारकोडची लायब्ररी जीपीएलखाली आहे असं तुम्ही कधी कळवलं होतं का? रोजच्या कामाच्या निरोपात एखादं वाक्य असेल तरी ते सोन्याचं आहे. नसेल तर भांडू नका, परवान्याचा खर्च वाटून घ्यायचा प्रस्ताव तुम्हीच मांडा.

छोट्या लायब्ररीचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलंच असेल. ती याच कामातून काढली असेल तर ती कंपनीची आहे, आणि तुम्ही तिला एमआयटी लावलंत तर दुसऱ्याची वस्तू वाटल्यासारखं होईल. करारापूर्वी लिहिलेली असेल आणि कमिटच्या तारखा तसं दाखवत असतील, तर गोष्ट वेगळी, पण तिथेही ‘आधीची साधनंही हस्तांतरित’ असं कलम नाही ना, ते वाचा. नाहीतर कंपनीकडे लेखी परवानगी मागा. बऱ्याच कंपन्या देतात, विशेषतः ज्यावर धंदा उभा नाही असा भाग असेल तर. परवानगी सही करायचा अधिकार असलेल्या माणसाची हवी, तुमच्या ओळखीच्या प्रोजेक्ट मॅनेजरची चालणार नाही.

परवानगी मिळाली तर एमआयटीच का, याचा एकदा विचार करा. ते लावल्यावर कुणीही, तुमची कंपनीसुद्धा, तुमचा कोड बंद उत्पादनात घालून विकू शकेल. चालणार असेल तर उत्तम. नंतर वाईट वाटून लायसन्स बदललं तरी आधी दिलेल्या आवृत्त्या जुन्या अटींवरच राहतात. २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बदललं, तर लोकांनी जुन्या आवृत्तीवरून ओपनटोफू हे वेगळं सॉफ्टवेअर काढलं. २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचं तेच झालं आणि व्हॅल्की निघालं. पेटंटचीही धास्ती असेल तर अपाची २.० घ्या, त्यात पेटंटचा परवाना स्पष्ट लिहिलेला आहे. स्वतःच्या मनाने कलमं मात्र घालू नका. जेसन लायसन्समध्ये एमआयटीपेक्षा ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नाही’ एवढं एकच वाक्य जास्त होतं. अपाची फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेने २०१६ मध्ये त्याखालचा कोड आपल्या प्रकल्पांत घ्यायला मनाई केली.

पुढच्या करारात मालकीच्या कलमाखाली हे वाक्य घालून घ्या : ‘या कामाआधी तयार असलेली किंवा सर्वसाधारण उपयोगाची साधने डेव्हलपरच्या मालकीची राहतील, क्लायंटला ती या सॉफ्टवेअरसोबत वापरण्याचा व पुढे देण्याचा कायमस्वरूपी परवाना असेल, तिसऱ्या पक्षाच्या घटकांची यादी व त्यांची लायसन्सेस परिशिष्टात दिली असून ती क्लायंटने वाचली आहेत.’ सही करण्याआधी ते परिशिष्ट रिकामं नाही ना, ते पाहा.