नक्षीचे टिन पॅनल: खरा पत्रा की पीव्हीसी?

हॉलची उंची साडेआठ फूट आहे, छताला तांब्याच्या रंगाचे नक्षीवाले टिन पॅनल लावायचेत, तर खरा पत्रा घेऊ की पीव्हीसी, असं तुम्ही विचारलंय. मी इंटिरियरचीच कामं करतो, माझं मत, पत्रा घ्या पण तांब्याचा रंग सोडा. एवढ्या कमी उंचीला गडद चकचकीत छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं. आणि तसंही हे पॅनल मूळचे पांढरेच, 19व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत ते गाजले ते कोरीव प्लॅस्टरची स्वस्तातली नक्कल म्हणून, पत्र्यावर ठसा उठवायचा आणि वर पांढरा रंग मारायचा म्हणजे खालून प्लॅस्टरच वाटतं. तांबं-पितळ फारच आवडत असेल तर फक्त डायनिंग टेबलच्या वर एक चौकोन करा.

नक्षी बारीक घ्या, सहा इंचाला रिपीट होणारी. दोन फुटांचं एकच मोठं फूल छोट्या हॉलमध्ये अंगावर येतं. रंग मॅट, कारण ग्लॉसमध्ये पत्र्याचा प्रत्येक पोचा दिसतो. लाइटचं मात्र कोणी बोलतच नाही! नक्षी दिसते ती सावलीमुळे, छतात बसवलेले डाउनलाइट सगळा उजेड खाली टाकतात आणि वरची नक्षी मेल्यासारखी होते, भिंतीवरून वर उजेड टाकणारे दिवे लावा मग बघा.

आता खरं काम म्हणजे पत्र्याच्या मागचं. स्लॅब कधीच सपाट नसतो, त्यामुळे आधी प्लायवूड किंवा लाकडी पट्ट्या लेव्हलमध्ये मारून घ्याव्या लागतात आणि प्रत्येक जॉइंटच्या मागे लाकूड यायलाच हवं, नाहीतर खिळा धरणार कशाला. सुरुवात कोपऱ्यातून नको, मध्यातून दोरी मारून करायची म्हणजे दोन्ही बाजूंना कापलेले तुकडे सारखे येतात, आणि एक पॅनल दुसऱ्यावर चढतं त्याची उघडी कड दरवाजातून येणाऱ्याच्या नजरेला पडणार नाही अशी ठेवायची. मिस्त्रीला हातमोजे घालायला लावा, कडा ब्लेडसारख्या असतात.

नाव टिन असलं तरी बहुतेक माल स्टीलचा, म्हणजे गंज आलाच. कोरा पत्रा आला तर त्यावरचं तेल टर्पेंटाइनने पुसून ऑइल बेस प्रायमर मारा, मागच्या बाजूला आणि कापलेल्या कडांनासुद्धा. कोऱ्या स्टीलवर डायरेक्ट पाण्याचा रंग मारला तर गंजाचे डाग लगेच वर येतात. बाथरूमसाठी अॅल्युमिनियम बरं.

पीव्हीसी वाईट नाही हां, हलकं असतं, साध्या कात्रीने कापता येतं, सपाट छताला गोंदाने चिकटतं, ओलीचा त्रास नाही. पण शेगडीच्या वर नको, उष्णतेने वाकतं, आणि साडेआठ फुटांवर छत इतकं जवळ की प्लास्टिक आहे हे कळतंच.

वायरिंग पॅनलच्या आधी संपवा. वायर जिथे पत्र्यातून खाली येते त्या भोकाला रबरी बुश हवाच, नाहीतर धारदार कडेने इन्सुलेशन कापलं जाऊन अख्ख्या छतात करंट उतरू शकतो, म्हणून अर्थिंगचंही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पंख्याचा हूक थेट स्लॅबमध्ये, पॅनलवर वजन अजिबात नको.