‘निशाणी बांगडी’पासून सुरुवात कर

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी पंचवटीत राहते. इतिहास घेऊन एम.ए. केलं, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. येत्या डिसेंबरात अमेरिकेतल्या विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज करायचा आहे. काका तीर्थोपाध्याय आहेत, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणारे आणि त्यांच्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवणारे पुरोहित. त्यांच्याकडच्या जुन्या वह्यांवर माझा एम.ए.चा प्रबंध होता. स्टेटमेंट ऑफ पर्पजचा (काय संशोधन करायचंय आणि का, हे सांगणाऱ्या निवेदनाचा) खर्डा सोबत पाठवते. कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीवाल्यांनी सांगितलं, पंचेचाळीस हजारांत सगळे अर्ज आम्ही लिहून देतो, मराठी माध्यमाचं फक्त कुठे बोलू नका. आमचे सर म्हणतात, शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो. घरी खर्चाची काळजी आहे. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुझा खर्डा सावकाश वाचला. पहिलं वाक्य, ‘लहानपणापासूनच मला इतिहासाची प्रचंड आवड आहे.’ मग दीड पानभर टक्केवारी, वक्तृत्वाची बक्षिसं, एन.एस.एस.चं शिबिर. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी जाता जाता लिहिलंयस : काकांच्या एका वहीत खानदेशातल्या एका घराण्याची मोडीत नोंद आहे. पुरुषांची नावं पणजोबांपर्यंत, बायका बहुतेक नुसत्या नात्याने. त्याखाली, वेगळ्या शाईत, त्याच घरातली एक विधवा बाई एकटी यात्रेला आल्याची नोंद, आणि तिच्या नावापुढे ‘निशाणी बांगडी’.

अगं, तुझा अर्ज इथून सुरू होतो! वरचं दीड पान काढून टाक.

लिहिता न येणारा कुणबी कागदावर नांगराची निशाणी करायचा आणि बाई बांगडीची, हे मोडी कागद चाळलेल्यांना ठाऊक असतं. पण ते बहुधा महजर (वादाच्या निवाड्याचे कागद), करारमदार असले कागद. तीर्थोपाध्यायाच्या वहीत एकटी आलेली बाई स्वतःची निशाणी करते, म्हणजे ती नोंद कुणाच्या सांगण्यावरून झाली? तिच्याबरोबर कोण होतं? पुढच्या खेपेला त्या घरचे पुरुष आले तेव्हा त्यांनी ती वाचली का? असे प्रश्न तुला पडलेत, हे त्या एका परिच्छेदावरून दिसतं. ते उघड लिही.

मात्र ‘तीर्थक्षेत्रातील स्त्रिया’ एवढा मोठा विषय मांडलास तर त्यातून काहीच हाती लागणार नाही. त्याला कड हवी. नाशिक-खानदेशात रेल्वे आली ती १८६०च्या दशकात. त्याआधीची वीस वर्षं आणि नंतरची वीस वर्षं घे. खानदेशातून बैलगाडीने येणं आणि नाशिक रोडला उतरून येणं यात एकटीदुकटीने निघणाऱ्या बाईसाठी काय बदललं, ते वह्यांत दिसतं का? दिसत नसेल तर का नाही? वही लिहिणाऱ्याची पिढी बदलली म्हणून नोंदीची रीत बदलली, असंही निघू शकेल. उत्तर आत्ता नको. उत्तर कुठे शोधणार आणि त्यात अडचण काय येईल, हे तुला कळतंय एवढं विद्यापीठाच्या प्रवेश समितीला दिसलं पाहिजे.

मराठी माध्यमाचं लपवायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आला. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध सादर केला. अमेरिकेच्याच अॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि तीर्थक्षेत्रं यांवर आयुष्यभर काम केलं. दोघींना आधी मराठी शिकावी लागली. तुला ती घरातच मिळाली, वर मोडी वाचता येते. हे स्टेटमेंटमध्ये स्पष्ट येऊ दे : मोडी कुठे शिकलीस, कोणत्या काळातलं अक्षर सहज लागतं, कोणतं अडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं याबद्दल तू विचारलंच नाहीस. अर्जाबरोबर रायटिंग सॅम्पल लागतं, म्हणजे तुझ्या संशोधनलेखनाचा नमुना, बहुतेक ठिकाणी पंधरा ते पंचवीस पानं. इतिहासाच्या अर्जात माझ्या मते सगळ्यात जास्त वजन याचं. मराठी प्रबंध उचलून इंग्रजीत उतरवू नकोस. त्यातलं वह्यांचं एकच प्रकरण घे आणि नव्याने लिही. पहिल्या दोन पानांत ती नोंद पूर्ण दे, मोडीचं देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही. मग एकेक शब्द धरून ती वाच : शाई वेगळी का, तारीख शकात आहे की फसली या महसुली सनात, नात्याचा शब्द कोणता वापरलाय. वाक्यं छोटी असू देत. साध्या इंग्रजीने कुणाचा अर्ज गेला नाही. उसन्या, फुगवलेल्या इंग्रजीने जातो. हे झालं की मगच स्टेटमेंटला हात लाव, ते आपोआप सरळ येईल. जून-जुलै लेखनाला दे, कारण डिसेंबरचा मध्य ते जानेवारीची सुरुवात एवढ्यात बहुतेक मुदती संपतात. ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाचा, अर्ज मात्र याच आठवड्यात टाक.

शिफारसपत्र स्वतः लिहू नकोस. सर वाईट हेतूने सांगत नाहीत, आपल्याकडे ती रीतच पडली आहे. पण विद्यापीठ पत्राची लिंक थेट सरांच्या ईमेलवर पाठवतं, त्यांच्या नावाने तू लिहिणं ही फसवणूक ठरते, आणि अर्जाला लागणाऱ्या तिन्ही पत्रांची भाषा एकच असली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याऐवजी सरांना एक पानाचं टिपण दे : त्यांच्या कोणत्या पेपरला कोणता निबंध लिहिला, त्यावर त्यांनी काय शेरा मारला, तोंडी परीक्षेत कशावर वाद झाला. मी शिकवत होते तेव्हा असं टिपण घेऊन येणाऱ्या मुलांची पत्रं चांगली उतरायची, कारण तपशील समोर असायचा. आणि प्राचार्यांचं पत्र घेण्याच्या मोहात पडू नकोस. ज्यांनी तुझं लिखाण वाचलंय त्यांचंच पत्र उपयोगाचं.

खर्चाचं आई-बाबांना नीट समजावून सांग. अमेरिकेत इतिहासाच्या पीएच.डी.ला चांगली विद्यापीठं साधारण पाच वर्षांची फी माफ करतात आणि वर विद्यावेतन देतात. बदल्यात शिकवण्याचं काम करावं लागतं. एम.ए.ला अशी मदत क्वचित मिळते, त्यासाठी कर्ज काढू नका. विद्यावेतनाविना पीएच.डी.ची जागा मिळाली तर नाही म्हण. अर्जाची फी दर ठिकाणी साधारण पाऊणशे ते सव्वाशे डॉलर. अनेक ठिकाणी विनंती केल्यास माफ होते, तेव्हा ईमेल लिहायला लाजू नकोस. जी.आर.ई. ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच इतिहास विभागांनी बंद केली आहे, प्रत्येकाचं पान उघडून बघ. विद्यावेतनासह निवड झाली तर होकार कळवायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, घाईने सही करू नकोस.

सहा-सात विभागांपेक्षा जास्त निवडू नकोस, आणि विद्यापीठाच्या नावावरून तर मुळीच नको. दक्षिण आशियाच्या इतिहासावर काम करणारी किमान दोन माणसं हवीत, एक निवृत्त झालं तरी दुसरं राहील असं. इथलीही वाट उघडी ठेव : २०२४पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरतात आणि जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपये आहेत. हैदराबाद, दिल्ली, कोलकाता इथे वह्या-कागदांवर काम करता येईल असे विभाग आहेत.

कन्सल्टन्सीचे पंचेचाळीस हजार वाचव. त्यांना तुझ्या काकांची वही वाचता येणार नाही.

त्या वहीबद्दल एक. प्रबंधासाठी काकांनी तोंडी हो म्हटलं असेल, पण आता पानाचा फोटो परदेशी जाणार आहे. त्यांच्याकडून लेखी परवानगी घे. वह्या त्यांच्या आहेत, आणि त्यांतली घराणी अजून यात्रेला येतात. त्या खानदेशी कुटुंबाचं आडनाव आणि गाव बदलून लिही, आणि बदलल्याची तळटीप दे.