कॉम्प्युटर स्लीपवर ठेवता येत असताना तो किती सेकंदांत चालू होतो याला आजही महत्त्व आहे का?

ज्यांच्याकडे लाइट जात नाही आणि टेबलापुढे कुणी ताटकळत नाही, त्यांच्यासाठी नसेल.

माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, थोरल्या भावासोबत भागीदारीत. गेल्या जूनमध्ये एक आजोबा बँकेत द्यायला डिजिटल सहीचा सातबारा काढायला आले. साडेअकराची एसटी गाठायची होती. 15 रुपये भरून झाले, प्रिंट देणार तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली. लाइट दोन मिनिटांत आली. कॉम्प्युटर आला नाही. आधी गोल फिरणारे ठिपके, मग डिस्क तपासणी, मग एकदाचा डेस्कटॉप. पण कॅबिनेटवरचा, डिस्क कामात असल्याचं दाखवणारा लाल दिवा विझेचना. क्रोमवर क्लिक केलं, काही नाही. परत केलं, परत केलं. मग तिन्ही खिडक्या एकदम उघडल्या. तोवर एसटी गेली होती. आजोबा काही बोलले नाहीत, बाकड्यावर जाऊन बसले. पुढची गाडी तीनला.

दादाचं म्हणणं, "दोन-चार मिनिटांनी काय बिघडतं? तोवर चहा पी." वर 4 जीबी रॅमची (म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीची) 8 करून आणली. फरक शून्य! अहो, फिरणारी हार्डडिस्क मिनिटाला 7200 फेऱ्या मारत असली तरी विखुरलेल्या फायली सेकंदाला साधारण 75 ते 100 वेळाच वाचू शकते, आणि चालू होताना विंडोजला अशा हजारो बारीक फायली लागतात. रॅम तिथे काय करणार?

तुमचा स्लीपचा मुद्दाही डेस्कटॉपला लागू नाही. साध्या स्लीपमध्ये सगळं रॅमवर असतं, लाइट गेली की पुसलं. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून आलेलं फास्ट स्टार्टअप तर नीट शट डाउन केलं तरच पुढची तयारी डिस्कवर लिहून ठेवतं. अचानक लाइट गेली तर कुठून लिहिणार? म्हणजे सगळ्यात जास्त घाई असते नेमकं तेव्हाच पहिल्यापासून बूट.

शेवटी मी माझ्या खिशातून 256 जीबीची एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क टाकली. आता वीस सेकंदांच्या आत काम सुरू. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "नवीन विंडोज टाकलं म्हणून पळतोय." नाही. जुनंच विंडोज जसंच्या तसं क्लोन केलंय. तोच अँटीव्हायरस, प्रिंटरचं तेच सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवर त्याच दोनशे फायली. बदलली ती फक्त डिस्क.

हां, तुमचा लॅपटॉप असेल आणि बॅटरी धड असेल तर खुशाल स्लीपवर ठेवा, उगाच खर्च करू नका. डिस्क बदलायचीच असेल तर आधी बॅकअप घ्या. आणि यूपीएसची बॅटरी आधी बदलायला हवी होती, एवढं दादाचं मला मान्य आहे. ती अजून बदललेली नाही. पाळी त्याची आहे.